जुन्या ट्रायम्फच्या फोर्कचे बुश घरच्या लेथवर: काय करावे आणि काय करू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांकडून तुमच्याकडे आलेल्या १९६६ सालच्या ट्रायम्फ ६५० च्या पुढच्या फोर्कमधून दोन्ही बाजूंनी तेल गळते, तीनदा सील बदलूनही गळती थांबलेली नाही, आणि ब्रेक दाबला की हँडलमध्ये ‘टक’ असा आवाज येतो. तुमच्या घरी छोटे लेथ आहे. परदेशातून सुटे भाग मागवण्याऐवजी बुश (पाइप आणि फोर्कचा खालचा पाय यांच्यामधली धातूची कडी), सील होल्डर आणि जमल्यास फोर्क पाइपसुद्धा स्वतःच करावेत, असा तुमचा विचार आहे. बुश जरूर करा, सील होल्डर करा, स्प्रिंगचे स्पेसर करा. फोर्क पाइप मात्र करू नका. याची कारणे पुढे येतील, पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमच्या फोर्कमध्ये दोष सीलचा नाही. बुश झिजल्यामुळे पाइप सीलच्या ओठात आडवा हलतो आहे, आणि आडव्या हलणाऱ्या पाइपवर जगातले कोणतेही सील तेल धरून ठेवू शकत नाही. म्हणून तीन वेळा केलेला खर्च वाया गेला.

तरीही लेथ सुरू करण्यापूर्वी आवाज नेमका कुठून येतो ते पाहा, कारण सैल झालेला कोनसेटही (हँडल ज्यावर वळते ते बेअरिंग) हुबेहूब असाच आवाज करतो. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक जमिनीपासून उचला, चाकाच्या आसाजवळ दोन्ही हातांनी फोर्क धरून पुढेमागे हलवा, आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाला खालची टी (दोन्ही पाइप एकत्र धरणारा भाग) आणि फ्रेमचे डोके जिथे भेटतात तिथे बोट ठेवायला सांगा. बोटाला हालचाल जाणवली तर आधी कोनसेट कसा. तिथे काही जाणवले नाही, पण फोर्कचा खालचा पाय, ज्याला गॅरेजमध्ये बॉटम म्हणतात, तो पाइपवर स्वतंत्रपणे डुलत असेल, तर दोष बुशचा आहे. पुष्कळदा दोन्ही दोष एकत्र असतात, आणि तेव्हा कोनसेट आधी नीट केल्याशिवाय बुशची ढिलाई खरी किती आहे ते कळत नाही.

आता या फोर्कची रचना. १९६० च्या दशकातल्या ट्रायम्फ ६५० मध्ये आतल्या पाइपच्या खालच्या टोकाला एक बुश नटने आवळलेला असतो आणि तो पाइपबरोबर राहतो. दुसरा बुश बॉटमच्या तोंडाशी बसतो, त्याच्यावर सील होल्डर आट्यांनी आवळला जातो, आणि हा बुश बॉटमबरोबर वरखाली होतो. फोर्क लांबतो तेव्हा हे दोन बुश एकमेकांच्या जवळ येतात, मधले तेल पाइपच्या छिद्रांतून आत ढकलले जाते, आणि त्यामुळेच चाक खड्ड्यात उतरताना फोर्क झटक्याने लांबून आदळत नाही. म्हणजे बुश केवळ टेकण्यासाठी नाहीत, तेल अडवण्याचे अर्धे कामही तेच करतात. काही टर्नर सवयीने बुशच्या आत तेलासाठी चर पाडतात. इंजिनच्या बुशला ते योग्य आहे, पण इथे त्या चरातून नेमके अडवायचे तेलच निसटून जाते, म्हणून या बुशांना चर पाडू नये. १९७१ पासूनच्या मॉडेलमध्ये कंपनीने हे बुशच काढून टाकले आणि पाइप थेट ॲल्युमिनियमच्या बॉटममध्ये चालवला. त्यामुळे पुढे लिहिलेले त्या फोर्कला लागू नाही.

मूळ वर्कशॉप मॅन्युअलमधली मापे इंचात आहेत. मी ती मिलिमीटरमध्ये देतो. पाइपचा बाहेरचा व्यास ३३.०८ ते ३३.१०. वरच्या बुशचा आतला व्यास ३३.१८५ ते ३३.२१, बाहेरचा ३८.०५ ते ३८.०७५, लांबी २५.४. खालच्या बुशचा बाहेरचा व्यास ३७.९३५ ते ३७.९६, आतला ३१.७१ ते ३१.७४, लांबी २२.१ ते २२.२. बॉटमच्या आतला व्यास ३८.०५ ते ३८.१०. यावरून हिशेब केला तर वरच्या बुशमध्ये ढिलाई साडेतीन ते पाच थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.०९ ते ०.१२७ मिमी पडते, आणि खालच्या बुशभोवती साडेतीन ते साडेसहा थाऊ, म्हणजे ०.०९ ते ०.१६५ मिमी. ही मापे नव्या भागांची आहेत. तुमच्या गाडीला जवळपास साठ वर्षे झाली आहेत, म्हणून ती जशीच्या तशी लेथवर उतरवणे हीच या कामातली सर्वांत मोठी चूक ठरते.

घरी बुश करण्याचा खरा फायदा पैशाचा नाही. विकतचा बुश कारखान्याच्या मापाचा येतो, तर घरी केलेला बुश तुमच्या पाइपच्या आणि तुमच्या बॉटमच्या मापाचा करता येतो. त्यासाठी आधी एक संपूर्ण संध्याकाळ केवळ मोजमापाला द्या. पाइप २५ ते ५० मिमीच्या मायक्रोमीटरने दर २५ मिमीवर मोजा, आणि प्रत्येक ठिकाणी दोनदा: एकदा पुढून मागे, एकदा डावीकडून उजवीकडे. खड्ड्यांचा आणि ब्रेकचा भार पुढेमागे येत असल्याने पाइप त्याच दिशेने जास्त झिजतो आणि किंचित लंबगोल होतो. बॉटमच्या आतले माप टेलिस्कोपिक गेजने तोंडापासून खालपर्यंत घ्या. व्हर्नियरवर भिस्त ठेवू नका, कारण इथला सगळा खेळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा आहे आणि व्हर्नियरची चूकच तेवढी असते.

अलीकडे केलेल्या एका फोर्कची मापे उदाहरणासाठी देतो. पाइप न झिजलेल्या जागी ३३.०९ होता आणि जिथे वरचा बुश रोज घासतो तिथे पुढेमागे ३३.०५. बॉटमचे भोक तोंडाशी ३८.०७ आणि खालचा बुश जिथे सतत फिरतो तिथे ३८.१६ झाले होते. बुश ३८.०५ चा केला तर झिजलेल्या भागात ढिलाई सुरेख ०.११ येते, असा विचार पटकन सुचतो. पण बुश आत जातो तो तोंडातून, आणि फोर्क पूर्ण लांबला की तो पुन्हा त्याच अरुंद भागाकडे परततो. तिथे त्याला जेमतेम ०.०२ जागा उरली असती आणि चाक हवेत उचलले जाताना तो तिथेच आवळला असता. म्हणून मी अरुंद भागात ०.०६ ढिलाई धरून बुश ३८.०१ चा केला. झिजलेल्या भागात ती ०.१५ झाली, जी मॅन्युअलच्या मर्यादेत आहे. वरचा बुश आतून ३३.१८ केला: न झिजलेल्या पाइपवर ०.०९, झिजलेल्या जागी ०.१३, म्हणजे मर्यादेच्या काठावर. त्या गाडीच्या मालकांना मी स्पष्ट सांगितले की हा पाइप फार काळ चालणार नाही. अरुंद आणि झिजलेला भाग या दोहोंचा हिशेब एका बुशमध्ये बसतच नसेल, तर आधी बॉटम होन करून, म्हणजे आतून बारीक दगडांनी घासून, भोक सारखे करून घ्यावे आणि मग त्या मापाचा मोठा बुश करावा.

धातूची निवड. मूळचा वरचा बुश सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाबून आणि तापवून केलेल्या, ब्रॉन्झचा आहे. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत तेल मुरलेले असते. हा माल बारमध्ये मिळाला तरी बोथट टूलने कापला किंवा रीमर फिरवला की छिद्रे लिंपली जातात आणि त्याचा उपयोगच संपतो. घरच्या कामासाठी मी शिशे असलेले गनमेटल वापरतो. त्यात ८५ टक्के तांबे, आणि कथील, शिसे व जस्त प्रत्येकी ५ टक्के असते. भारतीय मानकात ही श्रेणी एलटीबी-२ नावाने ओळखली जाते. कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या गावात मधून पोकळ ओतलेली नळी मागितली की मिळते, आणि तिच्यात कापण्याचे कामही कमी पडते. फॉस्फर ब्रॉन्झ अधिक टिकाऊ असले तरी अधिक कडक असते, त्यामुळे पाइपचे हार्ड क्रोम शाबूत असेल तरच ते घ्यावे. भंगारातला पिवळा तुकडा घेऊ नका. ते बहुधा पितळ असते आणि काही महिन्यांत खाल्ले जाते. ताजा कापलेला भाग तांबूस दिसला पाहिजे. कास्ट नायलॉनचा सल्लाही काही जण देतात. नायलॉन ओलावा शोषून फुगते, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, एवढे सांगणे पुरे.

लेथवर बुश कापताना बाहेरचा व्यास आणि आतले भोक एकाच पकडीत पूर्ण करा. माल चकमध्ये लांब बाहेर ठेवा, फेस करा (टोक सपाट करा), बोअर करा (आतले भोक मापात आणा), बाहेरून टर्न करा, कडा मारा, आणि शेवटी पार्टिंग टूलने कापून घ्या. तीन जबड्यांच्या चकमधून काढलेला तुकडा पुन्हा पकडला तर आतला आणि बाहेरचा व्यास एकमध्यी राहत नाहीत. शिवाय वरच्या बुशची भिंत जेमतेम अडीच मिमी असल्याने जबड्यांच्या दाबाने ती तिकोनी होते आणि सुटल्यावर भोक विचित्र आकार घेते. टूल धारदार असावे, पण त्याला वरचा उतार शून्य ठेवावा, नाहीतर ब्रॉन्झ टूलला आत ओढते. ४० मिमीच्या मालासाठी मी साधारण ४५० ते ५०० फेरे ठेवतो आणि शेवटचे दोन कट ०.१ मिमीचेच घेतो.

शेवटच्या कटाआधी माल पूर्ण थंड होऊ द्या, कारण इथे पुष्कळ जण फसतात. कापताना माल खोलीपेक्षा ३० अंशांनी तापला असेल, तर ३८ मिमी व्यास सुमारे ०.०२ मिमीने फुगलेला असतो. वरच्या बुशच्या बाहेरच्या व्यासाला दिलेली सवलतच एकूण ०.०२५ मिमी आहे. गरम असताना मापात आलेला बुश चहा पिऊन परत येईपर्यंत मापाबाहेर गेलेला असतो. पॉलिश पेपरही आतून फिरवू नका. त्याचे कण मऊ ब्रॉन्झमध्ये रुततात आणि पुढे तोच बुश कानशीसारखा तुमच्या पाइपवरचे क्रोम घासत राहतो. फिनिश टूलनेच आली पाहिजे. आली नाही तर टूल पुन्हा दगडावर लावा. वरचा बुश बॉटममध्ये हाताने, अंगठ्याच्या दाबाने बसला पाहिजे. त्याला धरून ठेवायला वर सील होल्डर आहे, ठोकून बसवण्याची गरज नाही. ठोकून बसवलेला बुश आतून जवळपास तेवढाच आवळतो आणि काळजीने ठेवलेली ढिलाई निघून जाते.

ढिलाई कमी ठेवली तर फोर्क जास्त चांगला चालेल, असे मलाही एकेकाळी वाटत असे. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी मी माझ्या स्वतःच्या गाडीला ०.०३ मिमी ढिलाईचे वरचे बुश करून बसवले. स्टँडवर फोर्क रेशमासारखा चालत होता. खंबाटकी घाट उतरताना वळणाआधी ब्रेक लावला, फोर्क खाली गेला आणि वर आलाच नाही. पुढचे चाक दगडासारखे कडक होऊन रस्त्यावर उड्या मारू लागले, आणि मागून ट्रक येत असताना मला गाडी कडेला घ्यावी लागली. घरी आणून उघडले तेव्हा बुशच्या एका बाजूची वरची कड आणि समोरच्या बाजूची खालची कड आरशासारखी चमकत होती. मधला भाग कोरा होता. कारण तेव्हा समजले. ब्रेक लागतो तेव्हा पाइप धनुष्यासारखा किंचित वाकतो, आणि वाकलेला पाइप अरुंद बुशच्या दोन कडांत अडकतो. मॅन्युअलमधली साडेतीन थाऊ ढिलाई त्या वाकण्यासाठी ठेवलेली आहे, कारखान्याच्या निष्काळजीपणामुळे नाही. तेव्हापासून मी वरच्या बुशला ०.०९ च्या खाली जात नाही आणि दोन्ही आतल्या कडांना अर्ध्या मिमीची गोलाई देतो.

सील होल्डर करताना अडचण आट्यांची येते. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांवर सायकल थ्रेड आणि व्हिटवर्थ घराण्यातले आटे शेजारी शेजारी सापडतात. पहिल्याचा कोन ६० अंश आणि दुसऱ्याचा ५५, म्हणून केवळ इंचातले दात मोजून भागत नाही. थ्रेड गेजच्या दोन्ही पानांनी प्रकाशासमोर धरून तपासा. तुमच्या लेथचा लीड स्क्रू (आटे कापताना टूल पुढे नेणारा लांब स्क्रू) मेट्रिक असेल, तर इंचाच्या आट्यांसाठी १२७ दातांचा गिअर लागतो, आणि काम पूर्ण होईपर्यंत हाफ नट (टूलला त्या स्क्रूशी जोडणारा नट) उघडायचा नसतो. प्रत्येक कटानंतर लेथ उलटे फिरवून टूल मागे आणावे लागते. बॉटमवरचे जुने आटे आधी पितळी ब्रशने आणि रॉकेलने स्वच्छ करा, आणि नवा होल्डर अर्धा कापून झाला की चकमधून न काढता बॉटमच त्याच्यावर हाताने फिरवून बघा. होल्डर नवा करणारच असाल तर सीलची बैठक आजच्या बाजारात मिळणाऱ्या सीलला जुळवून घ्या. ३३ × ४६ × ११ हे सील अनेक जपानी गाड्यांचे असल्याने सहज मिळते आणि ३३.१ च्या पाइपवर चांगले बसते. होल्डरच्या भिंतीत जागा पुरत असेल तरच हे करा. बैठक ४६.०० ते ४६.०४ मध्ये ठेवा, आणि तोंडाला उतरती कड द्या, म्हणजे सील तिरके बसत नाही. सील पाइपवर चढवताना टोकाच्या धारेवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ताणून तेल लावा; मग सील पिशवीवरून सरकवून पिशवी काढून घ्या. सीलचा ओठ फाटतो तो बहुतेक वेळा याच एका क्षणी.

आता पाइपबद्दल. हायड्रॉलिक सिलिंडरचा क्रोम केलेला रॉड बाजारात मिळतो, दिसायला फोर्क पाइपसारखाच असतो, आणि तो आतून पोकळ करून घ्यावा असा मोह होणे स्वाभाविक आहे. पण अर्ध्या मीटरहून लांब भोक छोट्या लेथवर सरळ जात नाही. भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते, आणि बाहेरून ते दिसत नाही. शिवाय या फोर्कच्या पाइपला वरच्या टोकाला टेपर (निमुळता भाग) आहे, तो वरच्या टीमध्ये नटने ओढून आवळला जातो, आणि तो टेपर पूर्ण लांबीला न टेकता एका कडेवर टेकला तर तडा तिथूनच सुरू होतो. बुश चुकला तर फोर्क आवळतो किंवा तेल गळते. पाइप तुटला तर माणूस जातो. जुना पाइप व्ही ब्लॉकवर ठेवून फिरवा आणि त्यावर डायल गेज लावा. माझा नियम असा की डायल ०.१० मिमीपेक्षा जास्त फिरला तर तो पाइप मी वापरत नाही. वाक नसेल आणि केवळ झीज किंवा खड्डे असतील, तर ग्राइंड करून हार्ड क्रोम आणि पुन्हा ग्राइंड हे काम व्यावसायिकाकडून करून घ्या, आणि क्रोमनंतर लगेच सुमारे २०० अंशांवर काही तास भाजून घेतात का ते आवर्जून विचारा. क्रोम चढताना पोलादात शिरलेला हायड्रोजन त्या भाजण्याने बाहेर पडतो. तो आत राहिला तर कडक पोलाद ठिसूळ होते.

हेच दोन्ही टी, चाकाचा आस आणि आसाच्या टोप्यांचे बोल्ट यांनाही लागू आहे. ते बोल्ट साध्या माइल्ड स्टीलमध्ये टर्न करू नका, ८.८ किंवा त्यावरच्या ताकदीच्या श्रेणीचे घ्या, आणि आटे मूळचेच ठेवा. बॉटमवर वेल्डिंग करू नका. फोर्क लांब करण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडी मूळ रचनेपासून बदलण्याला मनाई करते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे या फ्रेमचे वळणे त्या लांबीसाठी आखलेलेच नाही.

जोडताना पहिल्यांदा स्प्रिंगशिवाय जोडा. दोन्ही पाय बसवा, आस घाला, आणि बॉटम हाताने पूर्ण वरखाली करून बघा. कुठेही अडखळता कामा नये. अडखळले तर आसाच्या टोप्या सैल करून पुन्हा बघा. तेव्हा मोकळे झाले तर पाय समांतर नाहीत, बुशचा दोष नाही, आणि बुश घासून मोठा करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. सगळे मोकळे चालू लागले की स्प्रिंग घाला, प्रत्येक पायात १९० मिलिलिटर तेल मोजून भरा, आणि आसाच्या टोप्या फोर्क दहाबारा वेळा दाबून झाल्यावरच शेवटी आवळा. मी एसएई २० वापरतो. तेल अंदाजाने जास्त भरू नका, कारण वरची हवा दाबली जाऊन तोच दाब नव्या सीलवर येतो.

पाचशे किलोमीटर झाले की बॉटमच्या तळाचा ड्रेन स्क्रू काढून तेल पांढऱ्या वाडग्यात घ्या आणि उन्हात तिरके धरून पाहा. पहिल्या वेळी थोडी सोनेरी चमक दिसणारच, कारण नवा ब्रॉन्झ पाइपशी जुळवून घेत असतो. करडी चमक दिसली तर पाइप किंवा बॉटम घासते आहे, तेव्हा गाडी बाहेर काढू नका. आणि दुसऱ्या वेळी, हजार किलोमीटरला, सोनेरी चमक पहिल्याइतकीच असेल तर फोर्क पुन्हा उघडा आणि वरच्या बुशच्या आतल्या कडा कुठे चमकतात ते बघा.